घळीतील मुक्कामाची पूर्वतयारी

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात साम्रद नावाचे एक लहानसे गाव आहे. ह्या गावाच्या शिवारात जमीन एकाएकी दुभंगलेली आहे. माळावरून चालत येणाऱ्यास ती भेग अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आणि आत उतरलेल्यास माळ दिसत नाही. हीच सांधण दरी. तिची लांबी सुमारे दोन किलोमीटर असून दोन्ही बाजूंचे काळे कातळ दोनशे-तीनशे फूट सरळ उभे आहेत. रुंदी मात्र काही ठिकाणी इतकी थोडी, की हात पसरले असता दोन्ही भिंती बोटांस लागाव्यात. तळाशी वाट अशी नाहीच. लहानमोठ्या धोंड्यांची रास आहे, आणि तिच्यावरून उतरत उतरत ही घळ कोकणाच्या कड्याकडे, ठाणे जिल्ह्याच्या अंगास, निघून जाते.

आमच्या मुखेडकडे बालाघाटाचे डोंगर आहेत. पण ते बसके. कंधारचा किल्ला भुईकोट. त्यामुळे सह्याद्रीच्या असल्या अवघड जागेचे वर्णन ऐकले, की आमच्या तरुण मंडळींचे पाय शिवशिवू लागतात, ह्यात नवल नाही. पूर्वी ज्यांना मी भूगोल शिकविला, तेच आता कमावते होऊन विचारावयास येतात, ‘गुरुजी, सांधणला दोन रात्री मुक्कामास जावयाचे आहे, बरोबर काय काय घ्यावे?’ प्रश्न चांगला आहे. परंतु तो दुसरा प्रश्न होय. पहिला प्रश्न असा, की कोणकोणते निर्णय घरीच घेऊन निघावे? घळीत आकाशाची केवळ एक पट्टी दिसते. ढग कोठून येत आहे, ऊन किती उतरले आहे, मागे राहिलेला सोबती किती दूर आहे, ह्यांपैकी काहीच तेथे नीट कळत नाही. जेथे दिसत नाही तेथे विचारही धड होत नाही. म्हणून अशा सहलीतील महत्त्वाचे निर्णय गावी, दिव्याखाली बसून, कागदावर घ्यावयाचे असतात. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. पुढे आहे तो त्याचा विस्तार.

प्रथम ती जागा समजून घेऊ. दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या रसाचे थरांवर थर साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बनले. तो रस थिजून झालेला खडक म्हणजेच आपला काळा पाषाण, बसाल्ट. हा खडक कठीण खरा, पण त्यात उभ्या भेगा असतात. त्या भेगांत पाणी शिरते, सैल झालेले तुकडे ओढून नेते आणि युगानुयुगे तीच भेग खोल करीत राहते. साम्रदच्या शेजारच्या घाटघरला पाऊस मोजतात. तेथे तो पुष्कळ वर्षी पाच हजार मिलिमीटरांच्या पुढे जातो. आपल्या मुखेडास वर्षभरात आठशे-नऊशे मिलिमीटर पडला, तरी आपण समाधान मानतो. म्हणजे तेथे आपल्या पाच-सहापट पाणी, आणि तेही मुख्यतः चार महिन्यांत! परंतु उघडा कातळ व तीव्र उतार ह्यांमुळे ते थांबत नाही. पावसाळ्यात जेथे धबधब्यांच्या आवाजाने बोललेले ऐकू येत नाही, तेथेच फाल्गुन-चैत्रात एखाद्या मरुभूमीप्रमाणे पाषाण तापतो व झरे आटतात. सांधणला जाणाऱ्याने पाण्याचा विचार दोन्ही अंगांनी करावयाचा आहे: अवचित येणाऱ्या पाण्याचा, आणि न मिळणाऱ्या पाण्याचाही.

अवचित येणारे पाणी किती असते, हे एका हिशेबाने पाहू. समजा, एक चौरस किलोमीटर कातळाचे पाणी एका घळीत उतरते, आणि त्या कातळावर पंचवीस मिलिमीटर, म्हणजे एक इंच पाऊस पडला. एक चौरस किलोमीटर म्हणजे दहा लक्ष चौरस मीटर; त्यावर पंचवीस मिलिमीटर पाणी म्हणजे पंचवीस हजार घनमीटर, अर्थात अडीच कोटी लिटर. त्यातील निम्मेच पाणी एका तासात घळीत आले असे धरले, तरी सेकंदाला सुमारे साडेतीन हजार लिटर होते. घळ दोन मीटर रुंद असेल आणि पाणी सेकंदाला दोन मीटर ह्या वेगाने धावत असेल, तर त्याची खोली पंच्याऐंशी सेंटिमीटरांहून अधिक भरते. म्हणजे कमरेइतके पाणी, तेही धोंडे व ओंडके लोटीत येणारे. धावत्या पाण्यात गुडघ्याएवढ्या खोलीतही माणसाचा पाय ठरत नाही. येथे तर बाजूस सरकण्यास जागा नाही आणि वर चढण्यास कातळ उभा. आणि पाऊस पडला तो केवळ एक इंच!

ह्यात विशेष ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की हा पाऊस आपल्या डोक्यावर पडलाच पाहिजे असे नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतात, पेज नावाच्या गावाजवळ, नवाहो लोकांच्या मुलखात अँटिलोप नावाची एक घळ आहे. ती वालुकाश्माची, प्रदेश वाळवंटी. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तेथे प्रवासी आत उतरले, तेव्हा त्या ठिकाणी पाऊस जवळजवळ नव्हताच. वादळ झाले होते ते कित्येक मैल वरच्या अंगास. तेथील पाणी घळीत आले आणि अकरा प्रवासी त्यात बुडून मरण पावले. त्यांचा वाटाड्या तेवढा वाचला. तेथे चढण्या-उतरण्यासाठी त्या वेळी ज्या शिड्या होत्या, त्याही वाहून गेल्या. आत असलेल्या माणसास डोक्यावरचे कोरडे आकाश ही काही सुरक्षिततेची खूण नव्हे, हा धडा त्या घटनेने साऱ्या जगास दिला.

आणि अमेरिकेपर्यंत तरी कशास जावे? ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील ओहोळात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ती मंडळी घळीत नव्हती, उघड्यावर होती. तरीही पाणी चढण्यास काही क्षणच लागले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तर आपल्याच मुखेड तालुक्यात, लेंडी नदीच्या खोऱ्यात, प्रचंड पाऊस होऊन हसनाळ, रावणगाव आदी गावांत रात्रीतून पाणी शिरले. माणसे गेली, दावणीची जनावरे गेली. ज्या तालुक्याने हे पाहिले, त्याला पाण्याच्या वेगाविषयी अधिक सांगण्याची गरज नसावी. नदीकाठच्या गावकऱ्यास आपले घर सोडून जाता येत नाही. सहलीस जाणाऱ्यास मात्र आपला दिवस निवडता येतो. ही निवड हेच त्याचे सर्वांत मोठे साधन होय.

तेव्हा पहिला निर्णय ऋतूचा. पावसाळ्यात सांधणमध्ये उतरणे हा विचारच मनात आणू नये; त्या दिवसांत तेथे प्रवेशही बंद असतो. पाऊस संपल्याबरोबर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, घळीच्या आरंभीच्या डोहांत कमरेच्या वर पाणी असते व कातळ शेवाळलेला असतो. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ, म्हणजे साधारणतः डिसेंबर ते फेब्रुवारी, उत्तम. डोह उतरलेले असतात, हवा थंड असते, आणि गावातील विहिरींना पाणी असते. एप्रिल-मे महिन्यांत तेथील लोकांनाच पाणी दुरून आणावे लागते. २०१६ साली ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या शेजाऱ्यांनी दुसऱ्याच्या घागरीवर पाहुणचार घेऊ नये.

परंतु हिवाळा आला म्हणून निर्धास्त होऊनही चालत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस नाशिक व नगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस आणि गारपीट होऊन द्राक्षबागांची नासाडी झाली, हे आपणांस स्मरत असेल. यास्तव निघण्यापूर्वी भारतीय हवामान खात्याचा जिल्हावार इशारा पाहावा. हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल असे त्याचे चार रंग असतात. मुखेडचा पाहून उपयोग नाही. अहिल्यानगर, नाशिक व ठाणे ह्या तिन्ही जिल्ह्यांचा पाहावा, कारण घळ त्यांच्या सीमेलगत आहे. ह्यांपैकी एकाही जिल्ह्यास हिरव्याखेरीज दुसरा रंग असेल, तर घळीत उतरावयाचे नाही, असा नियम घरीच लिहून ठेवावा. साम्रदला पोचल्यावर हा नियम करू गेल्यास कोणी म्हणेल, ‘एवढ्या लांब आलो, आता थोडक्यासाठी परत जावयाचे काय?’ लांब येण्याचे हे ओझे फार वाईट. त्याच्या भाराखाली शहाणी माणसे अविचार करतात.

दुसरा निर्णय दिवसांचा. मुखेडहून नांदेड एसटीने गाठावे. नांदेडहून मनमाडमार्गे मुंबईस जाणाऱ्या आगगाड्या आहेत. त्यांनी नाशिक रोडला उतरावे. तेथून घोटी, पुढे कळसूबाईच्या पायथ्याचे बारी, मग भंडारदऱ्याचे शेंडी, आणि जलाशयास वळसा घालून साम्रद असा रस्ता आहे. अंतर पाहता जाण्याचा एक दिवस व एक रात्र मोडते आणि परतीसही तेवढेच लागते. तेव्हा ‘दोन रात्रींची सहल’ म्हणजे मुखेडकराच्या दृष्टीने पाच दिवसांची सहल. त्यात एक दिवस मोकळा ठेवावा. तो वाया जात नाही. हवा बिघडली तर हाताशी राहतो. न बिघडली तर रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन देवालय किंवा १९२६ साली पूर्ण झालेले प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण पाहण्यास उपयोगी पडतो. ज्या बेतात मोकळा दिवस नाही, त्या बेतात घाई आधीपासून शिरलेली असते.

तिसरा निर्णय माणसांचा. संख्या आठ-दहा असावी. बारांच्या वर जाऊ नये. घळीतून एका वेळी एकच माणूस धोंडा उतरू शकतो. एका धोंड्यावर प्रत्येकाची दोन मिनिटे धरली, तर बारा माणसांची चोवीस मिनिटे होतात, आणि असे धोंडे शेकडो आहेत. चाळीस मुलांची शाळेची सहल तेथे नेणे सर्वथा अनुचित. मंडळीत एक नायक ठरवावा आणि ‘परत फिरा’ असे तो म्हणाल्यास वाद घालावयाचा नाही, हे आधीच कबूल करून घ्यावे. सर्वांत हळू चालणाऱ्यास पुढे ठेवावे, म्हणजे त्याच्या गतीने सारे चालतील. एका अनुभवी गड्याने सर्वांच्या मागे राहावे. साम्रदचा वाटाड्या घेतल्याशिवाय आत जाऊ नये. त्या गावच्या माणसास पाण्याचा वास येतो म्हटले तरी चालेल. कोणता धोंडा डळमळतो, कोणत्या डोहाचा तळ खचला आहे, हे त्यास ठाऊक असते. तो म्हणाला, ‘आज नको’, तर त्यास अधिक पैसे देऊ करून मन वळवू नये.

चौथा निर्णय परत फिरण्याच्या घटकेचा. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा हाच. आपण सहसा कोठवर जावयाचे ते ठरवितो, केव्हा फिरावयाचे ते ठरवीत नाही. घळीत नेमके उलट करावे. सकाळी आठ वाजता उतरलात, तर अकरा वाजता जेथे असाल तेथून मागे फिरावे, मग पुढचे वळण कितीही मोहक असो. जाताना तीन तास लागले, तर येताना तितकेच लागतील, वर एक तास थकव्यासाठी व अपघातासाठी धरावा. म्हणजे तीन वाजता माथ्यावर. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण घळीच्या तळाशी सूर्यप्रकाश मध्यान्हीच्या आसपास थोडाच वेळ येतो. चार वाजता तेथे सांज झालेली असते. घड्याळाची वेळ नायकाच्या वहीत लिहिलेली असली, म्हणजे उत्साहाला तिच्याशी हुज्जत घालता येत नाही.

आता दोराविषयी. घळीच्या खालच्या भागात कडे सरळ तुटलेले आहेत. तेथे दोरावरूनच उतरावे लागते. पहिला मोठा कडा सुमारे चाळीस-पंचेचाळीस फुटांचा आहे. ह्या जागेचे स्वरूप नीट समजून घ्या. त्या कड्याच्या माथ्यापर्यंत गेलेला माणूस पाहिजे तेव्हा परत येऊ शकतो. पण दोरावरून उतरून दोर ओढून घेतला, की मागची वाट मिटली. आता काही झाले तरी खालीच जावयाचे, तेथे मुक्काम करावयाचा, आणि दुसऱ्या दिवशी डेहणे गावाकडे उतरावयाचे अथवा करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढावयाचे. प्रथमच जाणाऱ्यांनी कड्याच्या माथ्यावरून परतावे, ह्यात कमीपणा काही नाही. घळीचे खरे सौंदर्य तिच्या वरच्या भागातच भरपूर आहे. ज्यांना उतरावयाचेच आहे, त्यांनी प्रशिक्षित गिर्यारोहकांबरोबर जावे. दोर, कमरेचे पट्टे, डोक्यास शिरस्त्राण ही सामग्री त्यांची असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून अशा सहली नेणाऱ्यांस नोंदणी सांगितली आहे. तेव्हा पैसे देण्यापूर्वी नोंदणी आहे काय, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. सुंदर चित्रे पाहून पैसे भरणे ही चौकशी नव्हे.

ह्यापुढे सामानाचा विचार सोपा होतो. पिण्याचे पाणी माणशी तीन लिटर, हिवाळ्यातही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दहा माणसांचे तीस किलो झाले. ते एका-दोघांच्या पाठीवर न देता प्रत्येकाने आपले आपण वाहावे, कारण घळीत मंडळी पांगते आणि तहान ज्याची त्याला लागते. डोहातील पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. लिटरभर स्वच्छ पाण्यास सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ ह्या प्रमाणाच्या पुड्या घरीच बांधून घ्याव्यात. उलटी-जुलाब झाल्यास अथवा उन्हाने अंग गळाल्यास त्यांचा उपयोग होतो. चमचा चहाचा, हे सांगावयास नको.

शिधा आपल्या घरचा उत्तम. दशम्या व धपाटे दोन दिवस सहज टिकतात. ज्वारीच्या कडक भाकरी त्याहून अधिक. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, फुटाणे. येसराची पुडी नेली, की साम्रदला रात्री पातेलेभर गरम पाण्यात थंडी पळविणारी आमटी होते. घळीत मात्र चूल पेटवू नये. कड्यांना आग्या मोहोळे असतात. धुराने, अत्तराच्या वासाने किंवा आरडाओरड्याने ती उठली, तर त्या चिंचोळ्या जागेत पळून जाण्यास वाट नाही. अत्तर लावून डोंगरात येणाऱ्यास पहिल्या दिवशी गावातच स्नान करावयास लावावे.

मुक्काम कोठे करावा? साम्रदच्या माळावर, गावकऱ्यांच्या संमतीने, अथवा त्यांच्या अंगणात. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात येतो. तेव्हा तंबू ठोकण्यापूर्वी वनखात्याचे नियम व शुल्क विचारून घ्यावे. घळीच्या आत तंबू कदापि लावू नये. खालच्या खोऱ्यात मुक्काम करणाऱ्यांनी वाळूची मऊ, सपाट जागा पाहून भुलू नये. ती सपाट झाली ती पाण्यानेच केली आहे. काठावर चढून, झाडांच्या बुंध्यांना अडकलेला जुना पालापाचोळा कोठवर आहे ते पाहावे आणि त्या खुणेच्याही बऱ्याच वर पथारी टाकावी. पूर कोठवर आला होता, ह्याची नोंद निसर्ग स्वतःच ठेवतो. ती वाचण्यास मास्तर लागत नाही. हिवाळ्यात तेथे रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो. आपल्याकडच्या सवयीने एक चादर घेऊन निघणाऱ्याची रात्र दातांवर दात आपटण्यात जाईल. जाड घोंगडी किंवा स्लीपिंग बॅग, कानटोपी, आणि भिजल्यावर बदलण्यास कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्यावा. पायांत दगडावर न घसरणारे, मापाचे आणि आधी महिनाभर वापरलेले बूट असावेत. प्रत्येकाजवळ स्वतःची विजेरी असावी. मोबाइलचा दिवा ही विजेरी नव्हे.

मोबाइलवरून आठवण झाली. घळीत तो मुका होतो. साम्रदलाही त्याचा भरवसा धरू नये. कोणी पडला, पाय मोडला, फुरसे चावले, तर ११२ अथवा १०८ हे क्रमांक लावण्यासाठी सुद्धा एकास माथ्यावर धावावे लागेल. त्यासाठी मंडळीतील दोन चपळ गडी आधीच नेमून ठेवावेत. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. त्या अवयवाची हालचाल थांबवून माणसास लवकरात लवकर दवाखान्यात न्यावे. भिंतींवरून दगड सुटतात. माथ्यावर माकडे अगर गुरे असली तर अधिकच. म्हणून जेवणास किंवा विसाव्यास कड्याला टेकून बसण्यापूर्वी वर पाहावे, आणि आसपास ताजे फुटलेले दगड दिसल्यास तेथून उठावे.

शेवटची गोष्ट एका चिठ्ठीची. २००३ च्या एप्रिल महिन्यात ॲरन रॉल्स्टन नावाचा एक तरुण व निष्णात गिर्यारोहक अमेरिकेतील यूटा प्रांताच्या वाळवंटात ब्लूजॉन नावाच्या चिंचोळ्या घळीत एकटाच उतरला. एक मोठा धोंडा सरकला व त्याचा उजवा हात कातळात अडकला. कोठे जात आहोत, हे त्याने कोणासही सांगितले नव्हते. त्यामुळे त्यास कोठे शोधावे, हेच कोणास माहीत नव्हते. पाच दिवसांहून अधिक काळ तो तसाच अडकून राहिला, आणि अखेर स्वतःचा हात स्वतःच्या हाताने कापून त्याने सुटका करून घेतली. त्याच्या धैर्याची कथा जगभर झाली, तिच्यावर चित्रपटही निघाला. मला मात्र ती कथा ऐकताना वाटते, की चार ओळींची चिठ्ठी घरी असती तर शोध किती लवकर सुरू झाला असता!

ती चिठ्ठी अशी असावी: मंडळींची नावे व प्रत्येकाच्या घरचा क्रमांक, कोणाचा रक्तगट कोणता, कोणास कोणते औषध चालू आहे, वाटाड्याचे नाव, घळीत उतरण्याचा दिवस व घटका, माथ्यावर परत येण्याची घटका, आणि ह्या घटकेनंतर अमुक तासांत आमचा निरोप न आल्यास कोणी कोणास कळवावे. एक प्रत मुखेडला घरी, एक साम्रदला ज्याच्या अंगणात उतरलात त्याच्याकडे. परत आल्यावर दोन्ही ठिकाणी ‘आलो’ म्हणून सांगावे. न सांगता परस्पर घोटीस निघून गेलात, तर ते बिचारे गावकरी कंदील घेऊन तुम्हांस घळीत शोधीत बसतील, आणि पुढच्या खेपेस कोणाच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणार नाहीत.

श्रोतेहो, एवढ्या सूचना ऐकून कोणास वाटेल, की गुरुजींना आम्ही जाऊच नये असे वाटते. तसे मुळीच नाही. हिवाळ्याच्या सकाळी त्या घळीत उभे राहून मान वर केली, म्हणजे दोन काळ्या भिंतींमध्ये निळ्या आकाशाची एक रेघ दिसते, आणि आपल्या पायाखालची ही सारी भूमी थराथराने कशी रचली गेली, ते पुस्तकातील कोणत्याही आकृतीपेक्षा स्पष्ट कळते. आपल्या मुखेडचे काळे शेतही त्याच पाषाणाचे पीठ आहे. हे पाहण्यासाठी आमच्या भागातील मुलांनी अवश्य जावे, मुलींनीही जावे. मात्र दिवाळीनंतरच्या एखाद्या संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून वही उघडावी. ऋतू, दिवस, माणसे व परत फिरण्याची घटका हे चार निर्णय तीत लिहून खाली प्रत्येकाने सही करावी. धपाट्यांचे पीठ त्यानंतर मळावे.